पाणी गार असेल तोवरच

पुणे
ऑगस्टचा शेवटचा आठवडा

प्रिय अमेय,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू तीन मित्रांना घेऊन कोलोराडोतल्या पूडर नदीच्या कॅन्यनमध्ये ट्राउट गरवायला जाणार आहेस, आणि त्या तिघांनी आजवर फ्लायने, म्हणजे नकली किड्याने, मासा गरवायचा रॉड हातातही धरलेला नाही, हे ऐकून मला फार बरं वाटलं. फोनवर नीट बोलता आलं नाही, आजीच्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली होती. म्हणून आता बसून सगळं लिहिते. यातलं बरंचसं तुला माहीत आहे. पण आजवर ओढ्यात तू माझ्या मागून चालायचास. शनिवारी ते तिघं तुझ्या मागून चालतील, आणि तू जे करशील तीच रीत म्हणून शिकतील.

इथे मुठा दुथडी भरून वाहते आहे. तिकडे नेमकं उलट. पूडरला पाणी येतं ते बर्फाचं. जूनमध्ये ती फुगते आणि ऑगस्ट सरता सरता इतकी उतरते, की ज्या धोंड्यांवरून पाणी उसळत होतं तेच धोंडे कोरडे पडतात. पाणी थोडं, ऊन कडक, आणि ट्राउटला दुसरीकडे जायला जागा नाही. या दिवसांत मासा सहज दिसतो, सहज गळाला लागतो आणि सहज मरतो. म्हणून आधी थर्मामीटरचं सांगते.

तो माझ्या व्हेस्टच्या डाव्या खिशात आहे, दोरीला बांधलेला. रॉड जोडायच्या आधी तो सावलीतल्या वाहत्या धारेत सोड आणि दोन मिनिटं थांब. ५० ते ६० फॅरनहाइट, म्हणजे साधारण १० ते १५ सेल्सियस असेल, तर निर्धास्त गरवा. ६५ च्या पुढे गेला की पुन्हा पुन्हा बघत राहा. ६८ झाला, म्हणजे २० सेल्सियस, की दोऱ्या गुंडाळायच्या. समोर मासे उड्या मारत असले तरी.

मित्रांना नुसता नियम सांगू नकोस, कारणही सांग. समुद्रसपाटीला १० सेल्सियसच्या लिटरभर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० सेल्सियसला जेमतेम ९. तुम्ही तर अडीच हजार मीटरच्या वर असाल. तिथे हवाच विरळ, म्हणून दोन्ही आकडे आणखी खाली येतात. ट्राउटचं अंग पाण्याबरोबर तापतं. तापलं की त्याला जास्त ऑक्सिजन लागतो, आणि नेमका तेव्हाच पाण्यात तो कमी असतो. अशा वेळी गळाशी झुंजून दमलेला मासा सोडल्यावर पोहत जातो, आपल्याला वाटतं वाचला, आणि नंतर कुठल्या तरी धोंड्याखाली तो मरून पडतो. आपल्याला ते दिसत नाही, एवढंच. मोंटानामध्ये सलग तीन दिवस नदीचं पाणी ७३ फॅरनहाइटला पोचलं, की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत गळ टाकायला बंदी घालतात. कोलोराडोत बहुतेक वेळा नुसती विनंती असते, पाळायची की नाही ते माणसावर सोडलेलं. म्हणून तुमचा थर्मामीटर तुमच्याच हातात हवा.

जागा निवडताना खालच्या कॅन्यनमध्ये थांबू नका. हायवे १४ ने सरळ वर जा, कॅमेरॉन पासच्या घाटाच्या अलीकडे रस्त्यालगत ‘जो राइट क्रीक’ नावाचा ओढा लागतो तिथपर्यंत. स्प्रूसच्या झाडांची सावली असते, रात्री गारठा पडतो, त्यामुळे तिथलं पाणी दुपारीही बहुधा गार असतं. नवख्यांना असा लहान ओढाच बरा. लांब फेकायला लागत नाही, आणि मासे लहान असले तरी भुकेले असतात, कारण उंचावरचा उन्हाळा फार थोडा.

वाटेत जळालेले डोंगर दिसतील. २०२० च्या ऑगस्टमध्ये पेटलेल्या कॅमेरॉन पीकच्या वणव्यात दोन लाख एकरांहून जास्त रान गेलं, कोलोराडोच्या नोंदींतला तो सर्वांत मोठा वणवा. पुढच्या वर्षी जुलैत त्याच उघड्या उतारांवरून पावसाचा लोंढा आला, नदी राखेने काळी झाली, घरं वाहून गेली आणि माणसंही गेली. म्हणून ओढ्यात उभं असताना पाण्याचा रंग बदलला, काटक्या-पालापाचोळा येऊ लागला, तर सामान आवरत बसू नका. आधी काठ चढा. पाऊस तुमच्या डोक्यावर पडत नसला तरी वर कुठेतरी पडत असतो. विजेचंही तसंच. रॉकीजमध्ये जुलै ते सप्टेंबर दुपारी ढग जमतात, तो तिथला मॉन्सूनच आहे. ग्रॅफाइटच्या रॉडमधून वीज जाते. पहिला गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवायचे आणि गाडीत बसायचं. यावर वाद घालू देऊ नकोस कोणाला.

आता गमतीचा भाग. ऑगस्टअखेरीस पाण्यात वाढणाऱ्या मोठ्या किड्यांचा हंगाम ओसरलेला असतो, आणि कुरणातले नाकतोडे, मुंग्या, भुंगेरे मात्र भरात असतात. सकाळी नाकतोडे गारठलेले असतात, गवताला चिकटून बसतात. दहा-अकराला ऊन तापलं, वारा सुटला, की ते उडतात आणि चुकून पाण्यात पडतात. ट्राउटला हे ठाऊक असतं. तो काठाला चिकटून, झुकलेल्या गवताच्या सावलीत येऊन थांबतो. तेव्हा मित्र ओढ्याच्या मधोमध फेकू लागतील तर त्यांना थांबव, आणि काठापासून वीतभर अंतरावर टाकायला सांग. नाकतोडा थोडा आपटून पडला तरी चालतो, खराही तसाच पडतो. सकाळसाठी पॅराशूट ॲडम्स नावाची फ्लाय, १६ नंबरची, बांध. ॲडम्स पहिल्यांदा मिशिगनमध्ये १९२२ मध्ये बांधली गेली आणि अजून तिला तोड नाही. ती कुठल्याच एका किड्यासारखी दिसत नाही आणि थोडी थोडी सगळ्यांसारखी दिसते. मुंगीची फ्लाय मात्र विसरू नकोस. लोक नाकतोड्याच्या मागे लागतात, पण मासा नाकतोडा नाकारून परत फिरला, तर त्याच जागी १८ नंबरची मुंगी टाकून बघ. माझा तिच्यावर जास्त भरवसा आहे.

फेकायला शिकवण्याआधी चालायला शिकव. ट्राउट धारेकडे तोंड करून उभा असतो, म्हणून आपण खालून वर जायचं, त्याच्या पाठीमागून. पाण्याखालून त्याला वरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. सुमारे ९७ अंशांच्या त्या शंकूत काठावरचं सगळं आकाश मावतं, पण पार कडेचं, जमिनीलगतचं फार चेपून दिसतं. वाकून, गुडघ्यावर बसून गेलात तर तुम्ही त्या कडेतच हरवता. ताठ उभे राहिलात, रॉड डोक्यावर नाचवला, की डोह रिकामा. वाळूवर आपली सावली कुठे पडते आहे ते आधी बघायचं. कमी आणि नितळ पाण्यात हे सगळं दुपटीने खरं.

दोरी पाण्यावर पसरू देऊ नका. लहान ओढ्यात दर दोन हातांवर धारेचा वेग वेगळा असतो. दोरी वेगाच्या धारेत पडली की ती फ्लायला ओढते, आणि पाण्यावर रेघ काढत पळणाऱ्या नाकतोड्याला मासा सहसा तोंड लावत नाही. रॉड उंच धरून फक्त लीडर, म्हणजे दोरीच्या टोकाचा बारीक पारदर्शक दोरा, पाण्याला टेकू द्यायचा. विलोच्या झुडपांखाली मागे फेकायला जागा नसते, तिथे फ्लाय चिमटीत धरून रॉड धनुष्यासारखा वाकवायचा आणि सोडून द्यायचा. हे त्यांना पहिल्या तासातच जमेल, आणि जमलं की त्यांचे चेहरे बघ. मासा घ्यायला येईल तेव्हा हाताला दम धरायला सांग. ब्रूक ट्राउट झडप घालतो, पण कटथ्रोट ट्राउट सावकाश वर येतो, फ्लायकडे बघतो आणि मग तोंड मिटतो. त्याने तोंड मिटेपर्यंत रॉड उचलायचा नाही. माझ्या मते ट्राउट गरवण्यातला हा सगळ्यात सुंदर क्षण.

गळ घरूनच पकडीने दाबून ने, टोकामागचा उलटा काटा सपाट व्हायला हवा. टिपेट, म्हणजे लीडरचं फ्लायला बांधायचं शेवटचं टोक, या दिवसांत फार बारीक नको, चार नंबरचा बांध, म्हणजे मासा लवकर हाताशी येईल, उगाच दमणार नाही. हात ओले केल्याशिवाय माशाला शिवायचं नाही. अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं कवच, कोरड्या हाताने तो निघाला की बुरशी धरते. आणि फोटो! मित्र फोटो मागणारच. १९९२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. दमवलेले रेनबो ट्राउट ३० सेकंद हवेत धरले तर त्यातले ३८ टक्के मेले, ६० सेकंद धरले तर ७२ टक्के. नुसतं दमवलेल्या, हवेत न धरलेल्यांपैकी मेले फक्त १२ टक्के. मित्रांना हे आकडे सांग. मासा जाळीत, पाण्यातच राहू दे. कॅमेरा तयार झाल्यावर क्षणभर उचला, त्याच्या अंगावरचं पाणी ठिबकतंय तोवरच. मग तोंड धारेकडे करून मऊ हाताने धर, तो स्वतःहून निघेपर्यंत.

तुझा बेत आजीला सांगितला, तेव्हा तिने तिचा नेहमीचाच प्रश्न विचारला. खायचा नाही तर पकडायचा कशाला? मालवणात वाढलेल्या बाईला हे पटायचं नाही, आणि मला तिचा प्रश्न कधीच वावगा वाटलेला नाही. मी तिला म्हटलं, तुमच्याकडे पावसाळ्यात होड्या ओढून किनाऱ्यावर ठेवतात ना? आता सरकारचा कायदा आहे, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी. पण तिच्या लहानपणी कायद्याची वाट कोणी बघत नसे, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नसत. तो काळ माशांच्या विणीचा. मग ती स्वतःच चढणीच्या माशांबद्दल बोलू लागली. पहिल्या पावसात ओहोळाने वर चढणारे, पोटात गाबोळी असलेले मासे लोक टोपल्या भरभरून धरतात, आणि पुढच्या वर्षी ओहोळात काही उरत नाही म्हणून रडतात. तिचा भाऊ ते मासे घरात आणू देत नसे. एवढं बोलून ती गप्प झाली आणि म्हणाली, त्याला सांग, पाणी तापलं तर परत ये.

खाण्याबद्दल मात्र मी आजीच्या बाजूची आहे. पूडरमधला ब्राउन ट्राउट मूळचा युरोपचा, ब्रूक अमेरिकेच्या पूर्वेचा, रेनबो पॅसिफिकच्या बाजूचा. सगळे माणसांनी आणून सोडलेले. मूळचा तिथला तो कटथ्रोट, गळ्याखाली लाल रेघ असलेला, आणि त्याला या पाहुण्यांनी हुसकावलं. त्यातला ग्रीनबॅक जातीचा कटथ्रोट १९३७ मध्ये संपला असं मानत होते. पुढे तो सापडल्याचं म्हणाले, १९९४ मध्ये राज्याचा मासा ठरवला, आणि २०१२ मध्ये संग्रहालयांतल्या जुन्या माशांचे डीएनए ताडून पाहिले तर खरा ग्रीनबॅक कोलोराडो स्प्रिंग्सजवळच्या बेअर क्रीक या एकाच ओढ्यात उरल्याचं निघालं. तोही तिथला नव्हे, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका वसाहतवाल्याने आणून सोडलेला. त्या एका ओढ्याच्या जिवावर आता ठिकठिकाणी तो पुन्हा वाढवताहेत. म्हणून लाल रेघ दिसली की तो मासा लगेच सोडायचा. लहान ब्रूक ट्राउट मात्र खुशाल आणा. आठ इंचांपर्यंतचे नेहमीच्या मर्यादेखेरीज आणखी दहा नेता येतात, तरी त्या ओढ्याचा वेगळा नियम आहे का ते पुस्तिकेत आधी बघ. ओळखायला सोपं: खालच्या परांना पांढरी किनार, पाठीवर नागमोडी नक्षी.

ट्राउटचे खवले इतके बारीक की खरवडावे लागत नाहीत. पोट साफ कर, कल्ले काढ, मीठ-हळद लावून आगळात दहा मिनिटं ठेव. मग मालवणी मसाला, आणि रव्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळून घोळव. तव्यावर तेल जरा सढळ हाताने. आगळाची बाटली फ्रीजच्या दारात आहे, मसाला बाबांना विचार, त्यांनी डबा हलवलाय.

तिघांचीही लायसन्स वेगवेगळी लागतील, सोळा वर्षांच्या पुढे प्रत्येकाला हवं. घरी आल्यावर बूट घासून पूर्ण वाळव, एका ओढ्याची घाण दुसऱ्यात नेऊ नकोस. आणि त्यातला जो सगळ्यात बुजरा आहे ना, ज्याचं तू सांगत होतास, त्याला सकाळची पहिली जागा दे. नुकत्याच उजाडलेल्या पाण्यात नवख्यालाही मासा लागतो.

आजी बरी आहे, डोळा निवळतोय. तुला आशीर्वाद सांगते आहे.

तुझी,
आई

ता. क. चार नंबरच्या टिपेटचं रीळ गॅरेजमधल्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे, पण ते जुनं झालंय. गाठ मारून ओढून बघ. तुटलं तर शुक्रवारीच नवीन घे.