खारीतलं डालडा, बाटलीतली साखर आणि लांबलेला पाळणा

मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सस्नेह नमस्कार.

लग्नाला दोन-तीन वर्षं होऊनही पाळणा हलला नाही की घरातली बोटं सुनेकडे वळतात. तपासण्या तिच्या, उपासतापास तिचे. मुलगा रोज कोल्ड्रिंकची बाटली संपवतो, त्याबद्दल कोणी विचारत नाही. अमेरिका-कॅनडातल्या 3,828 स्त्रिया आणि 1,045 पुरुष जोडीदारांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. रोज किमान एक साखरेचा सोडा पिणाऱ्या स्त्रियांमध्ये दर पाळीचक्रात गर्भ राहण्याची शक्यता सुमारे 25 टक्क्यांनी कमी दिसली, पुरुषांमध्ये 33 टक्क्यांनी. हा परस्परसंबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे ‘कोल्ड्रिंकने वंध्यत्व येतं’ असे फलक आपल्या खात्याने लावू नयेत. पण साखरेने इन्सुलिन चढं राहिलं की बीजांडकोशात पुरुषी संप्रेरकं वाढतात आणि स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही. पीसीओएस या बीजांडकोशाच्या संप्रेरक-विकारात हेच घडतं. शुक्राणू तयार व्हायला जवळपास तीन महिने लागतात, म्हणजे पथ्य दोघांनी पाळायचं आणि आधीपासून पाळायचं.

600 मिलीच्या बाटलीत साधारण 64 ग्रॅम साखर असते. दिवसाची मर्यादा 50 ग्रॅम. लेबलवर मात्र एक हिस्सा 200 मिली धरला असेल तर ‘42 टक्के’ एवढंच दिसतं, आणि बाटली कोणी तीन दिवस पुरवून पीत नाही. लेबल बदलणं दिल्लीच्या हाती आहे, हे आम्ही जाणतो. पण सिनेमागृहांत आणि कॅन्टीनमध्ये मशीनमधून ग्लास भरून मिळतो, त्याला लेबलच नसतं. तिथे ‘या पूर्ण ग्लासात इतके ग्रॅम साखर’ अशी पाटी लावण्याचं आवाहन आपण उद्या करू शकता.

खरा प्रश्न बेकरीचा आहे. 2007 साली अमेरिकी परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की रोजच्या उष्मांकांपैकी 2 टक्के कर्बोदकांऐवजी ट्रान्स फॅटमधून (मुख्यतः तेल डालड्यासारखं घट्ट करताना तयार होणाऱ्या चरबीतून) आले, तर स्त्रीबीज न सुटल्याने येणाऱ्या वंध्यत्वाचा धोका 73 टक्क्यांनी जास्त होता. 1,800 कॅलरींच्या आहारात हे 2 टक्के म्हणजे अवघे 4 ग्रॅम, चहाचा एक चमचाही नाही. वनस्पती तुपात 30 टक्के ट्रान्स असेल तर जेमतेम 13 ग्रॅम तुपात तेवढं भरतं. तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर 2022 पासून लागू असलेली 2 टक्क्यांची मर्यादा खरोखर पाळली, तर त्यासाठी 200 ग्रॅम तूप खावं लागेल. कायदा चांगलाच आहे. तो खारी, नानकटाई आणि क्रीमरोलपर्यंत पोचतो का, हा प्रश्न आहे.

तपासणीत गफलत इथे होते. मर्यादा पदार्थाच्या वजनावर नाही, त्यातल्या एकूण तेल-तुपाच्या वजनावर आहे. 100 ग्रॅम खारीत 0.5 ग्रॅम ट्रान्स आढळलं तर अहवाल निरुपद्रवी वाटतो. पण त्या खारीत स्निग्धांश 20 ग्रॅम असेल तर हे प्रमाण 2.5 टक्के होतं, म्हणजे उल्लंघन. म्हणून प्रयोगशाळेने आधी स्निग्धांश वेगळा काढावा, त्यातले घटक वेगळे करून मोजणारी गॅस क्रोमॅटोग्राफी चाचणी करावी आणि दोन्ही आकडे अहवालात लिहावेत. लोणी किंवा साजूक तूप वापरलेल्या मालात नैसर्गिक ट्रान्स असतंच, मर्यादा कारखान्यातल्या ट्रान्सपुरती आहे. हा फरक नोंदवला नाही, तर प्रामाणिक बेकरीवाला अडकेल आणि डालडावाला सुटेल.

नमुना दुकानातल्या बरणीतून घेण्याआधी भट्टीमागच्या मार्जरीनच्या (लोण्याऐवजी वापरल्या जाणाऱ्या घट्ट तेलाच्या) डब्यातून घ्या. एक घाऊक पुरवठादार कितीतरी बेकऱ्यांना माल देतो. छोट्या बेकरीवाल्याला दंड करून मूळ हाती लागत नाही. डब्यावरचा बॅच क्रमांक आणि बिल, दोन्ही जोडलेलं हवं. वडे तळणाऱ्यांच्या कढईची गोष्ट वेगळी: तिथे ट्रान्स फारसं तयार होत नाही, पण तेल पुन्हापुन्हा तापून ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल खराब झाल्याची खूण असलेले घटक, वाढतात. त्यांची मर्यादा 25 टक्के आहे आणि ती हातातल्या मीटरवर मिनिटभरात कळते. हे मीटर प्रत्येक अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे असावेत.

बेकरीतल्या नमुन्यांचे निकाल दर तिमाहीला, जिल्हावार आणि डब्यावरच्या उत्पादकाच्या नावासह जाहीर करावेत, ही विनंती.

आपले,
आहार आणि प्रजनन-आरोग्य क्षेत्रात काम करणारे काही जण