केप प्रिमरोझला रोज पाणी नको, आणि अकोल्यात तर ते रोपच नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी मूळची अकोल्याची, पंधरा वर्षं झाली वेल्समधल्या कार्डिफला राहते आणि तुमचा पेपर रोज फोनवर वाचते, इथली सकाळ होईपर्यंत तिकडे जेवणं उरकत आलेली असतात त्यामुळे बातमी थोडी शिळीच मिळते पण चहाबरोबर तीच लागते. तर गेल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या फुलझाडांचं पान होतं, त्यात केप प्रिमरोझचा छान जांभळा फोटो आणि खाली 'रोज थोडं पाणी, भरपूर ऊन, बारा महिने फुलं'. संध्याकाळी आत्तेबहिणीचा फोन, ताई तुझ्या खिडकीतलं तेच ना गं हे, ऑनलाइन कुठे मिळेल, मी बाल्कनीत ठेवते. तिची बाल्कनी पश्चिमेची! म्हणून हे पत्र.

आधी पाण्याचं, कारण ह्या झाडाचे सगळ्यात जास्त बळी पाण्यानेच जातात. माझी पहिली तीन मी स्वतः मारली. ह्याची पानं जाड, लवदार, लांब जिभेसारखी, आणि पाणी कमी झालं की मऊ पडून कुंडीच्या काठावरून लोंबतात. गंमत अशी की पाणी जास्त झालं तरी अगदी तशीच लोंबतात. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, आणि भिजलेल्या मातीत उभं राहून झाड तहानेने मरतं. आपण बघतो पान सुकलंय, घालतो अजून एक तांब्या. तीन वेळा घातला मी. आता कुंडी उचलून बघते, हलकी लागली तर बशीत पाणी ओतून त्यात वीसेक मिनिटं ठेवते आणि उरलेलं फेकून देते, जड लागली तर पान कितीही लोळलेलं असो हात लावत नाही, सावलीत सरकवते आणि वाट बघते. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा-दोनदा आणि हिवाळ्यात त्याहून कितीतरी कमी. कुंडीही मोठी नको, उथळ आणि जरा घट्टच बरी, मातीच्या मिक्समध्ये पर्लाइट, म्हणजे माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे हलके खडे, सढळ हाताने.

ऊन म्हणाल तर नकोच, उजेड हवा. पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी. दक्षिणेच्या खिडकीत मी एक ठेवलं होतं त्याच्या पानांवर आठवड्यात तपकिरी चट्टे, म्हणजे वेल्सच्या उन्हात, जे ऊन तुम्ही अकोल्यात ऊन म्हणून मोजणारही नाही.

नावानेही लोक फसतात. प्रिमरोझ हे युरोपातलं वेगळंच फुलझाड, हे प्रिमरोझ नाहीच, पानं तशी दिसतात म्हणून चिकटलेलं नाव. खरं नाव स्ट्रेप्टोकार्पस, म्हणजे पीळ पडलेलं फळ, फूल गळल्यावर शेंग येते ती खरोखर पिळलेल्या दोरीसारखी असते. १८१८ मध्ये जेम्स बोवी नावाचा लंडनच्या क्यू वनस्पती बागेचा माणूस दक्षिण आफ्रिकेत नाय्स्नाजवळ जॉर्ज रेक्स ह्यांच्या जमिनीवर झाडं गोळा करत होता त्याला हे सापडलं, म्हणून त्या जातीचं नाव रेक्सी. तिथलं जंगल म्हणजे दाट सावली, ओलसर दरडी, थंडावा. आपल्याकडे पावसाळ्यात आंबोलीच्या ओल्या दरडींवर ऱ्हिंकोग्लॉसमची नाजूक निळी फुलं दिसतात ना, ती ह्याच घराण्यातली, त्यांना उचलून कोणी एप्रिलात अकोल्याच्या बाल्कनीत ठेवेल का? केप प्रिमरोझला साधारण १३ ते २४ अंश मानवतं, २७च्या वर गेलं की तोंड वाकडं करतं, आणि तुमच्याकडे मे महिन्यात ४५.

बारा महिने फुलं हेही अर्धंच खरं. काही नव्या संकरित जाती दिव्याखाली हिवाळ्यातही फुलतात पण माझ्याकडची बहुतेक वसंतात सुरू होऊन ऑक्टोबरला थकतात. फुलांचे दांडे प्रत्येक पानाच्या बुडाशी येतात, एकामागून एक, म्हणून जितकी निरोगी पानं तितकी फुलं, आणि सुकलेला दांडा बुडापासून काढायचा. थंडीत पानाचं टोक तपकिरी पडून मध्ये एक स्पष्ट रेघ उमटते, मी पहिल्यांदा घाबरून अख्खं झाड फेकायला निघाले होते. तो रोग नाही, झाड स्वतःच पान आखूड करतं, रेघेपर्यंत कात्रीने कापलं की उरलेलं पान कामाला. ह्याच्या काही रानटी जाती तर जन्मभर एकाच पानावर काढतात, बीमधून आलेल्या दोन दलांपैकी एकच वाढत जाऊन दोन-अडीच फुटांचं होतं, फुलतं आणि मरतं. असा संसार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आणि जे तुमच्या पुरवणीत यायलाच हवं होतं ते आलं नाही. एक पान घ्या, मधली शीर उभी कापून काढून टाका, दोन्ही पट्ट्या कापलेल्या बाजूने ओलसर मिक्समध्ये उभ्या खोचा. दोनेक महिन्यांत कडेने पिल्लांची रांग लागते, पंगतीला बसल्यासारखी. गणपतीला इथली मराठी मंडळी जमतात तेव्हा प्रसादाबरोबर मी हीच वाटते.

तर बहिणीला मी आफ्रिकन व्हायलेट घे म्हटलं, ते पुण्या-मुंबईच्या नर्सरीत सहज मिळतं, उकाडा ह्याच्यापेक्षा बरा सोसतं, अकोल्यात मात्र तेही आतल्या गार खोलीतच. आणि २०१५ पासून शास्त्रज्ञांनी त्यालाही स्ट्रेप्टोकार्पसमध्येच घातलंय म्हणजे फसवणूकही नाही. महाबळेश्वर किंवा बंगळुरूसारख्या गार जागी राहणाऱ्यांनी केप प्रिमरोझ जरूर लावावं. पण त्या 'रोज थोडं पाणी'ची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापा, शक्यतो फोटोखालीच, कारण बहीण फोटोखालचंच वाचते.

आपली,
कार्डिफहून एक वाचक