दिव्यांगांच्या व्यायामासाठी तरणतलाव खुले व्हावेत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वजन वाढले की डॉक्टर 'रोज चालायला जा' असे सांगतात, आणि ज्याचे दोन्ही पाय धड आहेत त्याला तेवढा सल्ला पुरतोही. माझ्यासारख्या, लहानपणी पोलिओ झालेल्या आणि कॅलिपर (पायाला आधार देणारा धातूच्या पट्ट्यांचा सांगाडा) लावून पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचे तेवढ्याने भागत नाही. चालण्याचा सगळा भार चांगल्या पायाच्या गुडघ्यावर आणि काठी धरलेल्या खांद्यावर येतो. बडोद्याच्या कमाटीबागेत मोठी फेरी झाली की दुसऱ्या दिवशी गुडघा सुजतो, सुजला म्हणून बसून राहावे लागते आणि बसून राहिल्याने वजन आणखी वाढते. वजन एक किलोने उतरले तर चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक सुमारे चार किलोने कमी होतो, असे संशोधन सांगते. म्हणजे वजन उतरण्याचा सर्वांत मोठा फायदा ज्यांना आहे, त्यांनाच चालण्याचा मार्ग बंद आहे.

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला आणि 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामुळे हा विषय संपला असे अनेकांना वाटते; पण त्याआधी ज्यांना तो होऊन गेला त्यांतली अनेक माणसे आज चाळिशी-साठीत आहेत. आजारानंतर कित्येक वर्षांनी अनेकांच्या स्नायूंची ताकद पुन्हा घटू लागते, कारण आजारातून वाचलेल्या, स्नायूंना हलवणाऱ्या मज्जापेशींनी इतकी वर्षे दुप्पट काम केलेले असते. अशा स्नायूंना दमेपर्यंत राबवले तर ते अधिकच थकतात. एका जिममध्ये मला 'दुखल्याशिवाय चरबी जळत नाही' असे ठामपणे सांगण्यात आले, आणि त्यानंतर कित्येक दिवस मला जिना चढता आला नाही. दिव्यांग व्यक्तीला असा सल्ला देणे धोक्याचे आहे. फिजिओथेरपिस्ट सांगतात तो नियम साधा आहे : व्यायाम करताना बोलता आले पाहिजे, आणि व्यायामानंतर वाढलेले दुखणे दोन तासांहून अधिक टिकले तर पुढच्या वेळी व्यायाम कमी करायचा.

मला मानवलेला व्यायाम बसून करण्याचा आहे. चाके नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, बसताना कॅलिपरची कडी वर ओढून गुडघा मोकळा करायचा आणि टेबलावर ठेवलेले छोटे पेडल हातांनी फिरवायचे. सुरुवातीला पाच मिनिटेही पुरतात. त्यानंतर खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून तो छातीकडे ओढायचा. काठी किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्यांचे खांदे सतत पुढे ढकलण्याच्या कामाने झिजतात, म्हणून त्यांना हा ओढण्याचा व्यायाम विशेष उपयोगी पडतो. अर्थात, ज्यांच्या पायांना संवेदना नाही त्यांनी फार वेळ एकाच जागी बसू नये, आणि कोणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. वजन मुख्यतः ताटावरच उतरते, हेही खरे. ज्याच्या एका पायात स्नायूच उरलेला नाही त्याच्या शरीराला अन्नही कमी लागते, हे आहार ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे.

परंतु सर्वांत कमी वेदनेचा व्यायाम पाण्यातला आहे. छातीपर्यंतच्या पाण्यात उभे राहिले की शरीराचे जेमतेम एक तृतीयांश वजन पायांवर येते, त्यामुळे जमिनीवर जे पाऊल टाकता येत नाही ते पाण्यात सहज पडते. त्यासाठी पोहता येण्याचीही गरज नाही. अडचण असते ती पाण्यात उतरण्याची. कॅलिपर काठावरच काढून ठेवावा लागतो, आणि त्यानंतर लोखंडी उभ्या शिडीवरून उतरणे आम्हाला अशक्य असते.

बडोद्याला व्यायामाचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. जुम्मादादा व्यायाममंदिर नावारूपाला आणणारे प्रो. माणिकराव हाडवैद्य म्हणूनही प्रसिद्ध होते. शरीर कमावणे आणि दुखावलेले शरीर सांभाळणे ही दोन्ही कामे या शहरात एकाच माणसाच्या हातून झाली आहेत. क्रीडासुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करण्याची जबाबदारी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासनावर टाकली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत, आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम करण्याची शिफारस दिव्यांग प्रौढांनाही लागू केली आहे.

म्हणून महापालिकेला माझी विनंती आहे की, लालबाग, सरदारबाग यांसारख्या आपल्या तरणतलावांवर दुपारच्या कमी गर्दीच्या वेळातला एक तास दिव्यांगांसाठी राखून ठेवावा. उथळ बाजूला कठडा असलेल्या रुंद पायऱ्या कराव्यात, काठावर बसायला बाक आणि पाय न घसरणारी फरशी असावी, आणि सोबतच्या मदतनिसाकडून शुल्क घेऊ नये. शहरात फिजिओथेरपीचे सरकारी महाविद्यालय आहे. तेथील अध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांना या तासासाठी पाठवता येईल. त्याचबरोबर व्हीलचेअरसकट चढता येईल असा एक सपाट वजनकाटा तेथे ठेवावा, कारण ज्यांना उभे राहता येत नाही अशा अनेकांना आपले वजन किती आहे हेच वर्षानुवर्षे कळलेले नसते.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे