वसंतास पत्र : विसर्जनाचा जुना वाद

वाई,
9 ऑक्टोबर

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझे जूनमधले पत्र उत्तरावाचून टेबलावर पडून आहे. रोज ते डोळ्यांसमोर येत होते आणि रोज मी वर्तमानपत्राखाली ढकलत होतो, त्याबद्दल मनापासून क्षमा कर. प्रकृती ठीक, साखर आटोक्यात. आज लिहायला बसलो तो रविवारी घडलेल्या गोष्टीमुळे. कुमुदने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "हे वसंतरावांनाच लिहा, त्यांच्याशिवाय कुणाला त्यातले दुखणे कळायचे नाही."

रविवारी आपल्या अभ्यासमंडळाची बैठक होती. पंधरा जण होते. मंडळाने स्वतःची आघाडी करून नगरपालिकेची निवडणूक लढवावी, असा ठराव तरुणांनी मांडला आणि मी विरोधात बोललो. काय बोललो असेन ते तू न ऐकताही सांगशील. क्रांतिकारक विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांनी डिसेंबर 1948 मध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनात आपला रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष आपल्याच हातांनी विसर्जित केला. सत्ता हेच पक्षाचे उद्दिष्ट असेल तर माणूस त्याच्या लेखी साधन होतो, ज्या माणसाच्या स्वातंत्र्यासाठी सारा खटाटोप करायचा त्यालाच आधी मतात मोजले जाते, म्हणून लोकशिक्षण हाच लांबचा पण खरा रस्ता. चाळीस वर्षे मी हे सांगत आलो आहे. माझे बोलणे संपल्यावर पाटणकरांच्या नातीने अगदी आदराने विचारले, "सर, रॉय यांनी पक्ष सोडला तो पटले म्हणून, की हरले म्हणून?"

वसंता, मला उत्तर देता आले नाही. हाच प्रश्न तू मला 1976 साली मेणवलीच्या घाटावर विचारला होतास. त्या संध्याकाळी आपली शेवटची एसटी चुकली, अंधारात चालत वाईला यावे लागले, आणि मी रॉय यांच्या नवमानवतावादाच्या 1946 च्या बावीस सूत्रांतले एकेक सूत्र समजावून सांगत असताना तू माझ्या वाटणीचे शेंगदाणेसुद्धा संपवलेस. तेव्हा तुझ्यावर रागावणे सोपे होते. तू आण्णांचा मुलगा, त्यामुळे तुझा प्रश्न हा घराण्याचा राग आहे, असे म्हणून मी सुटलो. या मुलीला कसला घरचा राग? तिला खरोखर जाणून घ्यायचे होते.

तुझे आण्णा आणि माझे दादा दोघेही 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला स्वयंसेवक होते आणि तिथेच दोघांनी रॉय यांना पाहिले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. महिन्याभरापूर्वी तुरुंगातून सुटलेला, सहा वर्षांच्या शिक्षेत नऊ जाड वह्या लिहून बाहेर पडलेला, मेक्सिकोत पक्ष काढलेला आणि 1920 साली मॉस्कोत वसाहतींच्या प्रश्नावर लेनिनशी वाद घातलेला तो उंच माणूस खेड्यातल्या त्या पहिल्या अधिवेशनाच्या मांडवात उभा होता. त्या एका दर्शनावर दोघांची पुढची सहा वर्षे गेली. मग 1942 आले. हिटलर जिंकला तर कुणाचेच स्वातंत्र्य उरणार नाही आणि युद्ध जिंकूनही ब्रिटिश साम्राज्य खिळखिळे होईल, या भूमिकेवरून रॉय यांनी 'चले जाव'ला विरोध केला. आण्णा साताऱ्याच्या प्रतिसरकारात, म्हणजे ब्रिटिशांना न जुमानता लोकांनी चालवलेल्या भूमिगत सरकारात, गेले. दादा रॉय यांच्याबरोबर राहिले आणि गावात 'सरकारचा माणूस' ठरले. रॉय यांच्या कामगार संघटनेने सरकारकडून महिना 13,000 रुपये घेतल्याचे बाहेर आले, तेव्हा ज्या दादांनी आयुष्यात कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही त्यांना बाजारपेठेतून मान खाली घालून जावे लागले. यशवंतराव चव्हाणसुद्धा ऐन उमेदीत रॉय यांच्याकडे ओढले गेले होते आणि युद्धाच्या प्रश्नावरूनच दूर झाले. दादा मात्र झाले नाहीत. ते बरोबर होते की आण्णा, यावर आपण दोघे इतके भांडलो की दोघांच्या आयांनी हा विषय जेवताना काढायला बंदी केली होती.

रविवारपासून मी पुन्हा सारे वाचतो आहे. 1946 च्या निवडणुकीत पक्षाचा दारुण पराभव झाला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईच्या अधिवेशनात बावीस सूत्रे आली आणि दोन वर्षांनी विसर्जन. हा क्रम समोर ठेवला तर त्या मुलीचा संशय अगदी रास्त आहे. जे मिळाले नाही ते सोडण्यात त्याग कसला, हे तुझेच वाक्य. पण वसंता, एक गोष्ट आपण दोघांनीही त्या रात्री लक्षात घेतली नाही. रॉय यांनी स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेचा मसुदा प्रसिद्ध केला तो 1944 साली, म्हणजे पराभवाच्या आधी. गावोगावच्या आणि वस्त्यावस्त्यांच्या लोकसमित्या हा त्या मसुद्यातल्या राज्याचा पाया आहे. कायदा सुचवण्याचा, सार्वमत मागण्याचा आणि निवडून दिलेला प्रतिनिधी परत बोलावण्याचा अधिकार त्याने या समित्यांना दिला आहे. सत्ता वरच्या मूठभरांच्या हाती राहू नये, ती लोकांनी आपल्या वस्तीत रोज वापरावी, हा विचार पराभवातून जन्मलेला नाही. पराभवाने फार तर त्याच्या वाटेतला पक्ष दूर केला.

रविवारी मी हे सांगायला हवे होते. पण त्याहून मोठी अडचण त्यानंतर रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आली आणि खरी काळजी तीच आहे. त्या मसुद्यात निवडणूक टाळलेली नाही! प्रतिनिधी आहेत, मतदान आहे, फक्त निवडून गेलेल्याला मोकळे सोडलेले नाही. मग विसर्जनाचा अर्थ निवडणुकीपासून दूर राहणे, असा मी इतकी वर्षे का लावला? रॉय विसर्जनानंतर डेहराडूनला राहून लिहीत राहिले, शिबिरे घेत राहिले आणि 25 जानेवारी 1954 ला गेले. त्यांना वेळच मिळाला नाही. पण त्यांची माणसे घरात बसली नाहीत. आपले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मराठी विश्वकोश उभारायला लागले. सासवडचे तारकुंडे पक्षाचे सरचिटणीस होते, पुढे मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले, आणि 1974 मध्ये जयप्रकाशांबरोबर नागरिकांच्या लोकशाही हक्कांसाठी उभे राहिले. आणीबाणीतही मागे हटले नाहीत. त्यांनी पक्ष सोडला, सार्वजनिक जीवन सोडले नाही. मी मात्र 1985 साली लोकांनी घरी येऊन उभे राहण्याचा आग्रह केला तेव्हा रॉय यांचे नाव सांगून त्यांना परत पाठवले. तू तेव्हा विचारले होतेस, "हे तत्त्व आहे की दादांची भीती?" मी तुझ्याशी आठ महिने बोललो नाही. आज कबूल करतो की दादांना बाजारपेठेत जे सोसावे लागले ते आपल्या वाट्याला येऊ नये, एवढेच माझ्या मनात होते. एका मोठ्या माणसाच्या विचारामागे मी लपलो, आणि तो विचार पुढच्या पिढीला शिकवताना त्यात माझी भीतीही मिसळत गेली. याचे मला फार वाईट वाटते आहे.

ठराव अकरा विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला. चौघांत मी होतो. दुसऱ्या दिवशी ती मुलगी घरी आली आणि आघाडीचा जाहीरनामा मीच लिहावा, असे म्हणाली. मी आधी नको म्हटले, रात्रभर विचार केला आणि सकाळी होकार कळवला. प्रत्येक प्रभागात खुली लोकसमिती असावी, नगरसेवकाने दर तीन महिन्यांनी तिच्यापुढे कामाचा आणि खर्चाचा हिशेब मांडावा, आणि समितीने बहुमताने सांगितल्यास राजीनामा द्यावा, अशी तीन कलमे मी घातली आहेत. असा राजीनामा कायद्याने कुणावर लादता येत नाही, म्हणून उमेदवारांनी तो शब्द जाहीर सभेत द्यावा, असे चौथे कलम आहे. त्यावर दोन उमेदवार आत्ताच कुरकुरत आहेत. त्यांना काय सांगावे हे मला सुचत नाही; प्रतिसरकारात न्यायनिवाडा लोकांसमोर कसा चाले, हे आण्णांनी तुला पुष्कळ सांगितले आहे, ते मला हवे आहे.

तुझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे कळले, व्यायाम चुकवू नकोस. सूनबाईंच्या बढतीबद्दल अभिनंदन. नातीचे बारावीचे वर्ष आहे ना? तिला आशीर्वाद.

जाहीरनाम्याचा मसुदा सोबत जोडला आहे. जुन्या सवयीप्रमाणे तांबड्या पेन्सिलीने बघ आणि दिवाळीच्या आत परत पाठव, कारण अर्ज भरायला त्यानंतर फार दिवस उरणार नाहीत. स्वतः घेऊन आलास तर फारच बरे. एसटी आता मेणवलीहून रात्री उशिरापर्यंत असते.

तुझा,
मधू