आबासाहेब आणि ओंकारचं भाषण

लीड्स, इंग्लंड
१२ जुलै

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

ओंकारने शाळेतलं भाषण मोबाईलवर पाठवलंय. ३० जुलैला आपल्या सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख, म्हणजे आबासाहेब, यांची पुण्यतिथी, त्याला पाच मिनिटं बोलायचंय. ‘आत्या, बघून दे’ म्हणतो. त्याच्याशी बोलेनच, पण तालुक्याचं राजकारण तुम्ही जवळून बघितलंय, म्हणून आधी तुम्हाला लिहिते.

अर्धं भाषण एसटीवर आहे. आमदार असून एसटीने फिरायचे, गाडी नाही, बडेजाव नाही. खोटं काहीच नाही त्यात. पण अण्णा, एसटीने तर तुम्हीही जन्मभर फिरलात, तुम्हाला कुणी ११ वेळा निवडून दिलं नाही! साधेपणा सांगायला सोपा असतो, म्हणून सगळे तेवढाच सांगतात आणि कामाचं राहून जातं.

पाण्यावर त्याचं एकच वाक्य आहे : ‘त्यांनी तालुक्याला पाणी आणले.’ कुठून आणलं? कृष्णा काही आपल्या शिवारातून वाहत नाही, आणि माण नदी वर्षातले किती महिने नदी असते ते तुम्हाला सांगायला नको. राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने आपल्या राज्याच्या वाट्याला दिलेलं कृष्णेचं पाणी २००० सालापर्यंत वापरात आणायची घाई होती. त्यात दुष्काळी तालुक्यांचा वाटा कुठे, हे विचारायला वाळव्याचे स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी उभे राहिले आणि आबासाहेब त्यांच्याबरोबर. आटपाडीच्या पाणी परिषदा त्यातूनच झाल्या. कऱ्हाडजवळ टेंभूला पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवायचं आणि माणदेशात सोडायचं, हे तेव्हा पारावर कुणाला खरं वाटत होतं? काम १९९६ला सुरू झालं, तरी पाणी शिवारात दिसायला पुढे वर्षानुवर्षं गेली. सरकारं बदलली, मंत्री बदलले, मागणी तीच राहिली. ओंकारने हे सांगावं. तीच गोष्ट न कंटाळता मागत राहणं एसटीच्या प्रवासापेक्षा फार अवघड.

सूतगिरणीचं त्याने लिहिलेलंच नाही. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सूतगिरणी काढायची आणि ती नीट चालवून दाखवायची, यावर तर वेगळं भाषण होईल. डाळिंबाचं मात्र त्याने जरा जास्तच केलंय. रोजगार हमीतून फळबागा लावायची योजना १९९०ची, ती राज्याची होती. ती आबासाहेबांच्या नावावर घालू नको म्हणावं. त्यांना उसनं श्रेय कशाला?

आणि ते हरले, हेही सांगू दे. १९६२ला पहिल्यांदा आमदार झाले, ६७ला पुन्हा, पण ७२ला पडले. ७४च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ला तर अवघ्या १९२ मतांनी गेले. तेव्हा गावात काय काय बोललं गेलं ते तुम्हीच त्याला सांगा, मी सांगितलं तर आई रागवेल. दोन्ही वेळा लोकांनी पाडलं आणि लोकांनीच परत बोलावलं. त्यांचा शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, आक्रसत गेला तरी त्यांनी लाल झेंडा सोडला नाही. १९७८ला शरद पवारांच्या पुलोद आघाडीच्या सरकारात आणि १९९९ला विलासराव देशमुखांच्या सरकारात मंत्रिपद मिळालं, पण मोठ्या पक्षात गेले असते तर जास्त मिळालं असतं, असं मला अजून वाटतं. तालुक्यालाही कदाचित. यावर तुम्ही चिडणार, माहीत आहे. फोनवर भांडू.

इथले खासदारही ठरल्या दिवशी मतदारसंघात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकतात. बहुतेक ठिकाणी आधी वेळ घ्यावी लागते. आपल्याकडे वेळ घ्यायची पद्धत कधी नव्हतीच, आणि त्याचा त्रास आबासाहेबांच्या घरच्यांना किती होत असेल, हे आता कळतं.

ओंकारला सांगा, एसटीला दोन वाक्यं पुरेत. टेंभूचा नकाशा फळ्यावर काढता आला तर उत्तम. मुलं नकाशा बघतात, विशेषणं ऐकत नाहीत.

यंदा बागेत डाळिंबावर तेल्या रोग कितपत आहे? गेल्या फोनवर तुम्ही विषय बदललात. आईस नमस्कार, ओंकारला आशीर्वाद.

तुमची,
सुमन