‘कोण म्हणालं तुम्हाला?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सार्वजनिक सेवेच्या कार्यालयांत फोन उचलणाऱ्याने आपलं पूर्ण नाव सांगावं की नाही, यावर आपल्या पत्रसदरात दोन्ही बाजूंची पत्रं येत आहेत. मी दूरध्वनी खात्यात ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडून द्यायच्या कामावर. तेव्हा लोकांच्या लेखी मी नुसता एक आवाज होते. आता निवृत्तीनंतर फोन करणाऱ्यांच्या बाजूला आले आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

माझे यजमान गेल्या वर्षी वारले. एका सेवेची जोडणी त्यांच्या नावावर होती, ती माझ्या नावावर करून घ्यायची होती. कार्यालय कुठलं ते लिहीत नाही, कारण हा अनुभव एकाच कार्यालयाचा नाही हे वाचकांना ठाऊक आहे. फोन केला. पलीकडून सांगितलं, ‘मृत्यूचा दाखला, मुलांची संमती आणि ५०० च्या स्टँपवर प्रतिज्ञापत्र घेऊन या.’ मी नाव विचारलं. ‘नाव कशाला पाहिजे मावशी? कुणीबी असलं तरी हेच सांगणार.’ स्टँप आणला, टायपिंग केलं, नोटरी केली आणि कसबा बावड्याहून केएमटीच्या बसने कार्यालयात गेले. खिडकीवरच्या साहेबांनी कागद उलटेपालटे केले आणि म्हणाले, ‘स्टँप कशाला केला? साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र चालतं की. पण मुलांची संमती आमच्या नमुन्यात पाहिजे, ही चालत नाही. स्टँपचं कोण म्हणालं तुम्हाला?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘फोनवर सांगितलं’ म्हटल्यावर ते म्हणाले, ‘आमच्यातलं कोण असं सांगणार नाही.’ रांगेतले लोक माझ्याकडे बघत होते. आयुष्यभर फोनवर काम केलेल्या बाईला त्या दिवशी खोटं पाडल्यासारखं झालं. पैसे गेले त्याचं दुःख नाही. पण माझ्यासारख्या शिकलेल्या बाईची ही गत, तर गगनबावड्याहून, आजऱ्याहून दिवसाची मजुरी बुडवून येणाऱ्या माणसाचं काय होत असेल?

‘कोण म्हणालं तुम्हाला?’ हा प्रश्न विचारायचा हक्क कार्यालयाला असेल, तर त्याचं उत्तर नागरिकाच्या हातात देण्याची जबाबदारीही कार्यालयाचीच आहे. माझं म्हणणं एवढंच आहे.

तरीसुद्धा मी पूर्ण नावाचा आग्रह धरत नाही. का, ते सविस्तर सांगते.

आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात शासनाने आईचंही नाव घेतलं, ते फार चांगलं झालं. पण फोनवर हे सगळं सांगितलं की ऐकणाऱ्याला कामाच्या माणसापेक्षा त्याचं घर जास्त कळतं. कोल्हापुरात तर विचारूच नका. आडनाव कानावर पडलं की पुढचा प्रश्न ‘गाव कुठलं?’ आणि त्याच्या पुढचा ‘कुणाच्यातली तू?’ दोन प्रश्नांत माणूस थेट घरापर्यंत पोहोचतो. आडनावावरून जात ओळखून आवाज बदलणारी माणसं मी बोर्डावर ऐकली आहेत. कधी लाडाचा व्हायचा, कधी तुटक. नुसत्या नंबरावर बोलत असताना तसं कधी झालं नाही.

नात्यातली एक मुलगी अशाच एका सेवेच्या मदतकक्षात कंत्राटावर कामाला होती. नियमाप्रमाणे तिने फोन करणाऱ्याला पूर्ण नाव सांगितलं. आडनाव दुर्मीळ. त्या इसमाने रात्री तिला फेसबुकवर शोधून काढलं. आधी तक्रारीबद्दल लिहिलं, मग भलतंसलतं लिहायला लागला. ती महिनाभर भावाला सोबत घेऊन कामावर जात होती, शेवटी तिने नोकरी सोडली. तक्रार त्या माणसाची खरी होती, हेही सांगायला पाहिजे. पण ती दूर करणं त्या मुलीच्या हातात नव्हतं. वर बसलेल्या अधिकाऱ्याच्या हातात होतं, आणि त्याचं नाव फोन करणाऱ्याला कुणीच सांगितलं नव्हतं. ज्याच्याकडे अधिकार आहे त्याचं नाव झाकलेलं आणि जिच्याकडे फक्त हेडफोन आहे तिचं नाव उघडं, ही उलटी रीत मला सहन होत नाही.

ट्रंक बोर्डावर आमची रीत निराळी होती. शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्यांचे गुजरातचे कॉल सकाळपासून लागायचे. साधा, अर्जंट, लाइटनिंग (सगळ्यांत तातडीचा), पीपी (ठरावीक माणसालाच जोडून द्यायचा), प्रत्येक कॉलचं तिकीट फाडायचं, वेळ लिहायची आणि त्यावर आपला ऑपरेटर नंबर टाकायचा. गिऱ्हाईक चिडलं की विचारायचं, ‘नंबर काय तुमचा?’ तो सांगावाच लागायचा. सुपरवायझर मागून केव्हाही लाइनवर येऊन ऐकायच्या. माझं नाव त्या अडत्यांना कधी कळलं नाही. पण चूक झाली की संध्याकाळच्या आत तिकिटावरून मला शोधून काढायचे, आणि मी तिथून सुटले नाही. एकदा चुकीच्या गावाला कॉल जोडला म्हणून लेखी खुलासा द्यावा लागला होता, तो अजून आठवतो. नाव बाहेर न देताही माणूस बांधला जातो, तो असा.

आता कायद्याचं बघा. ‘नाव सांगायची परवानगी नाही’ हे उत्तर मला नंतरच्या एका फोनवर मिळालं. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा. त्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकाऱ्यांची आणि कर्मचाऱ्यांची निर्देशिका स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे, कुणी मागायची वाट न बघता. म्हणजे नावं गुप्त नाहीतच. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. त्यात सेवा किती दिवसांत मिळेल, ती देण्याची जबाबदारी असलेला पदनिर्देशित अधिकारी कोण, पहिलं आणि दुसरं अपील कुणाकडे, हे फलकावर लावायचं आहे, आणि विनाकारण सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. हे फलक आपल्या शहरातल्या किती कार्यालयांत दर्शनी भागात आहेत आणि किती ठिकाणी कपाटामागे गेले आहेत, ते वाचकांनी येता-जाता बघावं.

पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी असते. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सांगितलं. तिथे पूर्ण ओळख हवीच, कारण माणसाच्या अंगाला हात लावायची ती सत्ता आहे. जेवढी सत्ता मोठी तेवढं नाव उघडं. तहसीलदार, अभियंता, मुख्याधिकारी यांनी फोनवर नाव आणि हुद्दा स्वतःहून सांगितला पाहिजे, त्यात माझी काडीची सवलत नाही. फोन उचलणाऱ्या मुलामुलींनी मात्र पहिलं नाव आणि कर्मचारी क्रमांक सांगावा, तोही न विचारता, फोन उचलल्या उचलल्या. फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणा, असं शासनाने २०२२ च्या गांधी जयंतीला सांगितलं होतं. पहिला शब्द कुठला असावा हे ज्यांना ठरवता येतं, त्यांना दुसरा शब्दही ठरवता येईल.

हा क्रमांक कंत्राटी कामगारालाही द्यायला हवा. हल्ली निम्म्या ठिकाणी फोनवर कंत्राटी मुलं असतात, दिवाळीला एक आणि गुढीपाडव्याला दुसरं. सहा महिन्यांनी नुसत्या नावाने कुणाला शोधणार? क्रमांक, तारीख, वेळ आणि काय सांगितलं त्याची एक ओळ कार्यालयाच्या नोंदीत राहिली आणि तिचा मेसेज फोन करणाऱ्याला गेला, तर मला खिडकीवर मान खाली घालावी लागली नसती. पूर्ण नाव कार्यालयाकडे राहू दे. लेखी तक्रार झाली तर अधिकाऱ्याने ते बघावं.

एक गोष्ट मात्र माझ्याच म्हणण्याच्या विरुद्ध जाते, तीही लिहिते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोका पातळी ४३ ची. माझी बहीण चिखलीत माडीवर अडकली होती, बरोबर सासू आणि दोन म्हशी. मदतीच्या नंबरावर तिचा फोन लागला तेव्हा पलीकडच्या मुलाने आपलं नाव, आडनाव, गावसुद्धा सांगितलं आणि म्हणाला, ‘ताई, परत फोन लागला तर माझं नाव सांगा, मी इथंच आहे.’ बोट दुसऱ्या दिवशी आली. ते नाव बहिणीला अजून पाठ आहे. त्याला कुणी नियम सांगितला नव्हता. स्वतःहून दिलेलं नाव आधार असतं, हे मला मान्य आहे. सक्तीने काढून घेतलेल्या नावाने तो आधार मिळेल असं मात्र मला वाटत नाही.

हे सगळं अर्जात लिहून मी गेल्या सोमवारी त्याच कार्यालयात दिलं. आवक-जावक पाहणाऱ्या बाईंनी शिक्का मारला, क्रमांक घातला, खाली सही केली. सही वाचता येईना. मी म्हटलं, ‘बाई, नाव लिहाल का खाली?’ त्यांनी माझ्याकडे बघितलं, अर्ज परत ओढून घेतला, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि सहीखाली सुवाच्य अक्षरात आपलं नाव आणि टेबल क्रमांक लिहून दिला.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर
कसबा बावडा, कोल्हापूर

(माझं पूर्ण नाव आणि पत्ता संपादकांकडे दिला आहे. वर लिहिलेल्या मुलीची ओळख माझ्या आडनावावरून पटू नये, म्हणून ते छापू नये ही विनंती.)