उपाशीपोटी शाळेत येणारी मुले

महोदय,

मी नववीची वर्गशिक्षिका आहे. पहिल्याच तासाला बाकावर डोके टेकणाऱ्या मुलीला विचारले, तर उत्तर ठरलेले, ‘सकाळी भूकच लागत नाही.’ आई सांगते, लहानपणापासून असेच. तेव्हा मागे लागून दोन घास भरवता तरी यायचे. ‘मोठी झाली की सुधारेल’ ही समजूत मला घातक वाटते. विस्कटलेल्या जेवणाच्या वेळा वयात येताना सहसा आपोआप रुळावर येत नाहीत. उलट याच वयात झोप उशिरा लागू लागते, जागरणे वाढतात, सकाळची भूक मरते. पाळी सुरू झालेल्या मुलींना तर लोह अधिक लागते! पालकांनी निदान रात्रीचे जेवण वेळेवर, एकत्र आणि मोबाइल बाजूला ठेवून घ्यावे. शाळांनीही मधल्या सुट्टीत जादा तास घेणे थांबवावे.

- एक शिक्षिका